शिफ बेसचे धातू-कॉम्प्लेक्स: ओळख कशी पटवायची आणि डीएनएशी नातं कसं तपासायचं

मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यातल्या पोरांना मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, वेगळं शिकवावं लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: बोर्डो मिश्रणाचं हे प्रमाण त्यांना आवर्तसारणीच्या आधीपासून पाठ असतं. कृषी केंद्रातली ‘चिलेटेड झिंक’ची पुडीही ओळखीची असते. तिच्यावर १२ टक्के झिंक, ईडीटीए असं छापलेलं असतं. एम.एस्सी.च्या वर्गात कॉम्प्लेक्स, म्हणजे धातू आणि त्याला धरणारा रेणू (लिगँड) यांचं संयुग, शिकवायला मी तीच पुडी घेऊन जाते. चिलेट हा शब्द खेकड्याच्या नांगीवरून आलाय. ईडीटीए धातूला सहा ठिकाणी धरतो, म्हणून जमिनीतला चुना झिंकला सहज ओढून नेत नाही. आपला शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमाइन मिळून होणारा लिगँड) बहुतेक वेळा चारच ठिकाणी धरतो, दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन, पण पकड तशीच.

तालुक्याच्या ठिकाणी एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चं पहिलं वर्ष करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आपल्याकडे एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखणारं यंत्र) नाही, फ्लुओरिमीटर (चमक मोजणारं यंत्र) नाही, दुपारी वीज नाही. तरी साधी उपकरणं नीट वापरली तर कामाचा कणा इथेच उभा राहतो आणि बाहेर पाठवलेले नमुने फक्त त्याला दुजोरा देतात. अट एकच, एखादं यंत्र ज्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतं तेवढंच त्याला विचारायचं. शोधप्रबंधांतल्या निम्म्या चुका आयआरला (अवरक्त आलेखाला) रचना विचारल्याने आणि यूव्हीला (अतिनील शोषणाला) इंटरकॅलेशन, म्हणजे रेणूचं डीएनएच्या बेस-जोड्यांमध्ये शिरणं, विचारल्याने होतात, असं माझं मत आहे.

आधी लिगँड, तोही स्वच्छ

अल्डिहाइड आणि प्राथमिक अमाइन एकत्र आले की पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध तयार होतो. हाच ॲझोमेथिन गट. जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे इटलीत स्थिरावलेल्या ह्यूगो शिफने १८६४ साली ही अभिक्रिया मांडली. हात बसवायला सॅलेनसारखा लिगँड नाही.

सॅलिसिल्डिहाइड २.४४ ग्रॅम, म्हणजे साधारण २.१३ मिलि, ३० मिलि गरम इथेनॉलमध्ये घ्या. हे २० मिलिमोल झालं. त्यात इथिलीनडायअमाइन ०.६० ग्रॅम, म्हणजे ०.६७ मिलि, थेंब-थेंब सोडा. हे १० मिलिमोल. काही क्षणांत पिवळ्या चकचकीत पापुद्र्यांनी फ्लास्क भरतो. थंड करा, गाळा, थोड्या थंड इथेनॉलने धुवा, इथेनॉलमधूनच पुन्हा स्फटिक काढा. सैद्धांतिक उत्पादन २.६८ ग्रॅम. वितळणबिंदू १२५ ते १२८ अंशांच्या आसपास यायला हवा आणि दोन अंशांच्या आत संपायला हवा. ११५ ला ओलसर दिसून १२५ ला वितळत असेल तर स्फटिकीकरण पुन्हा करा. इथे कंटाळा केला तर पुढे सहा महिने तो कंटाळा भोवतो.

डीएनएचं काम ठरलेलंच असेल तर इथिलीनडायअमाइनऐवजी ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन घ्या, १.०८ ग्रॅम. त्यातून सॅलोफेन मिळतो, नारिंगी रंगाचा, सैद्धांतिक ३.१६ ग्रॅम. सॅलेनच्या मधल्या दोन कार्बनांची साखळी थोडी वाकडी असते, सॅलोफेनमध्ये तिथे सपाट बेंझीन वलय येतं. हा सपाटपणा पुढे कामाला येणार आहे. फिनिलीनडायअमाइन विषारी आहे, हातमोजे घालूनच तोला. जुन्या बाटलीतलं तपकिरी पडलेलं असेल तर ते आधी शुद्ध करा.

धातू बसवणं

सॅलेन १.३४ ग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल, गरम इथेनॉलमध्ये. कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट १.०० ग्रॅम, तेही ५ मिलिमोल, अगदी थोड्या गरम पाण्यात विरघळवून इथेनॉलने वाढवलेलं. दोन्ही एकत्र करून तासभर रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत पाडत उकळणं. हिरवट घन खाली बसतो. निकेल ॲसिटेट घेतलं तर नारिंगी-लाल. ॲसिटेट वापरण्यामागे कारण आहे. फिनॉलवरचा प्रोटॉन ॲसिटेट स्वतः उचलून घेतो, वेगळा अल्कली लागत नाही. क्लोराइड वापरलं तर थोडं ट्रायइथिलअमाइन घालावं लागतं. परक्लोरेट क्षारांच्या वाटेला जाऊ नका. सुकलेले परक्लोरेट कॉम्प्लेक्स खरवडताना स्फोट होऊ शकतो, आणि आपल्याकडे फ्यूम हूडच्या काचेचा भरवसा मलाच नाही.

गाळलेला घन आधी गरम पाण्याने धुवा, म्हणजे उरलेलं ॲसिटेट जाईल. मग गरम इथेनॉलने, म्हणजे उरलेला लिगँड जाईल. मग कॅल्शियम क्लोराइडच्या डेसिकेटरमध्ये ठेवा. पोळ्याच्या सुमारास, हवा ओली असताना, उघड्यावर सुकवलेला घन पाणी घेतोच.

ओळख पटवणं: कुठलं यंत्र काय सांगतं

पहिली पायरी रिकाम्या खिशाची आहे. वितळणबिंदू घ्या: सॅलेन १२५ ला वितळतो, त्याचा कॉपर कॉम्प्लेक्स त्याच्या कितीतरी वर टिकतो आणि शेवटी काळा पडतो. नळीत १२५ ला काही हललं तर लिगँड उरलाय. टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) करा. पाणी, इथेनॉल, क्लोरोफॉर्म, डीएमएफ, डीएमएसओ यांतली विद्राव्यता लिहून ठेवा, पुढे डीएनएच्या वेळी तीच उपयोगी पडते.

धातूचं प्रमाण स्वतः काढा. साधारण ०.२ ग्रॅम कॉम्प्लेक्स तीव्र नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात पूर्ण जाळून घ्या, सेंद्रिय भाग उरला नाही पाहिजे. कॉपर आयोडोमेट्रीने, निकेल डायमिथिलग्लायऑक्झिमने. निकेलच्या लाल अवक्षेपाचं वजन गुणिले ०.२०३२ म्हणजे निकेल. कॉपर सॅलेनमध्ये कॉपर १९.२७ टक्के यायला हवं, निकेल सॅलेनमध्ये निकेल १८.०६ टक्के.

मग कार्बन-हायड्रोजन-नायट्रोजन विश्लेषण बाहेरून करून आणा. कॉपर सॅलेनसाठी हिशेब असा: कार्बन ५८.२६, हायड्रोजन ४.२८, नायट्रोजन ८.४९ टक्के. आता त्यात पाण्याचा एकच रेणू धरा: कार्बन ५५.२५, हायड्रोजन ४.६४, नायट्रोजन ८.०५. एका पाण्याने कार्बन तीन टक्क्यांनी खाली आला. रिपोर्टमध्ये ५५.४ आलं की मुलं घाबरून जातात. घाबरायचं काहीच नाही, ते बहुधा पाणी आहे. पण ‘बहुधा’ म्हणून चालणार नाही. टीजीएमध्ये, म्हणजे तापवत तापवत वजन मोजताना, तेवढंच वजन, ५.१८ टक्के, जाताना दिसलं पाहिजे. साधारण १२०-१५० अंशांच्या आत गेलं तर पाणी स्फटिकात नुसतं अडकलेलं होतं. १५० ते २५० च्या दरम्यान गेलं तर धातूला बांधलेलं असण्याची शक्यता जास्त. हवेत पूर्ण जाळल्यावर उरतो कॉपर ऑक्साइड, निर्जल कॉम्प्लेक्सच्या २४.१ टक्के. म्हणजे धातूचं प्रमाणही पुन्हा एकदा ताडून होतं. सूत्रात पाणी घालून आकडे जुळवायचे आणि टीजीए करायचंच नाही, हा प्रकार परीक्षक पहिल्या पानावरच पकडतात.

वाहकता म्हणजे मोलर कंडक्टन्स. डीएमएफमध्ये एक मिलिमोलर द्रावण करा. सेलचा स्थिरांक ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने काढा, त्याची वाहकता २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी असते. आपलं द्रावण बरोबर एक मिलिमोलर असेल तर नुसत्या डीएमएफचा आकडा वजा करून मीटरवर जेवढे मायक्रोसीमेन्स उरतात तीच मोलर वाहकता, गुणाकार-भागाकार आपोआप कटतात. ६५ च्या खाली म्हणजे आयन सुटलेले नाहीत, ६५ ते ९० म्हणजे एकास एक, १३० ते १७० म्हणजे एकास दोन. कॉपर सॅलेन तटस्थ आहे, त्याचा आकडा अगदी लहान येतो. चाळीस आला तर ॲसिटेट नीट धुतलं गेलं नाही असं समजा. द्रावणाला बोअरचं पाणी लागलेलं भांडं वापरू नका. आपल्या भागातल्या जड पाण्याचा एक थेंबही मीटर सांगतो.

आयआरवर थोडं थांबते, कारण इथे सगळेच घाई करतात. लिगँडच्या आलेखात आधी काय नाही ते पाहा (इथले सगळे आकडे प्रति सेंमी). १६६० च्या आसपासचा सॅलिसिल्डिहाइडचा कार्बोनिल पट्टा नसावा आणि ३३००-३४०० मधली अमाइनची जोडी नसावी. ॲझोमेथिनचा पट्टा १६१० ते १६४० मध्ये ठळक दिसतो. धातू नायट्रोजनकडून इलेक्ट्रॉन घेतो, दुहेरी बंध किंचित सैल पडतो, म्हणून पट्टा साधारण १० ते २० अंकांनी खाली सरकतो. कधी सरकणं पाच अंकांचंच असतं. तेव्हा त्या एकट्या पट्ट्यावर विसंबू नका. फिनॉलचा ओएच आतल्या हायड्रोजन बंधामुळे २५०० ते ३२०० मध्ये पसरट, दबलेला असतो. तो कॉम्प्लेक्समध्ये नाहीसा व्हायला हवा. फिनॉलचा कार्बन-ऑक्सिजन पट्टा १२८० च्या आसपासून वर, १३००-१३३० कडे जातो. ६०० च्या खाली धातू-ऑक्सिजन आणि ५०० च्या आसपास व खाली धातू-नायट्रोजन दाखवतात. तिथे लिगँडचेही बारीक पट्टे असतात, तेव्हा लिगँडच्या आलेखावर जे नव्हतं त्यालाच नाव द्या.

एकदा श्रावणात एक विद्यार्थिनी धावत आली, “मॅडम, कॉम्प्लेक्समधे पाणी सापडलं, ३४०० ले मोठ्ठा पट्टा हाय!” मी तिला नुसत्या पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी करून आणायला सांगितली. तिच्यातही तोच पट्टा. ब्रोमाइड ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलं आणि कॉम्प्लेक्समधलं पाणी गेलं. गोळी तडकायचीही त्याच दिवसापासून थांबली.

एनएमआरसाठी कॉपरचा कॉम्प्लेक्स पाठवू नका. त्याच्या एकट्या इलेक्ट्रॉनमुळे पट्टे पसरून जातात आणि पैसे वाया. लिगँड पाठवा आणि निकेलचा चौकोनी-सपाट किंवा झिंकचा कॉम्प्लेक्स पाठवा. सॅलेनमध्ये ८.४ पीपीएमच्या जवळ ॲझोमेथिनचा हायड्रोजन आणि १३.२ ला फिनॉलचा दिसतो, निकेलमध्ये १३.२ चा गायब. लिगँड बांधला गेल्याचा याहून थेट पुरावा स्फटिकाच्या क्ष-किरण रचनेशिवाय नाही. कॉपरसाठी ईएसआर (एकट्या इलेक्ट्रॉनचा आलेख) आणि मास स्पेक्ट्रम (रेणूच्या वस्तुमानाचा आलेख). मासमध्ये कॉपरच्या दोन समस्थानिकांमुळे, ६३ आणि ६५, दोन अंकांच्या अंतराने जोडी दिसते, उंची साधारण ७० ला ३०. ही जोडी नसेल तर त्या शिखरात कॉपर नाही.

चुंबकीय क्षणासाठी (त्यावरून धातूतले एकटे इलेक्ट्रॉन कळतात) गूय तराजू बऱ्याच जुन्या कॉलेजांत धूळ खात पडलेला असतो, तो पुसा. प्रमाण म्हणून मर्क्युरी टेट्राथायोसायनेटोकोबाल्टेट वापरतात, २० अंशांना त्याची ग्रॅम ससेप्टिबिलिटी १६.४४ गुणिले दहाचा उणे सहावा घात. पाऱ्याचं संयुग आहे, टेबलावर सांडू नका. कॉपरसाठी सूत्र १.७३ बोर मॅग्नेटॉन सांगतं, प्रत्यक्षात १.७५ ते २.२ येतं. निकेल शून्य आलं तर चौकोनी-सपाट, २.८ ते ३.३ आलं तर अष्टफलकी. कॉपरचा आकडा १.४ च्या आसपास घसरला तर दोन शक्यता: दोन कॉपर पुलाने जोडलेत, किंवा मूळ कॉपर ॲसिटेटच शिल्लक आहे. ते स्वतः जोडीने राहतं आणि त्याचा आकडाही जवळपास १.४ च असतो. चुंबकाचा पंखा चालू असताना वीज गेली तर ते वाचन सोडून द्या.

यूव्ही-दृश्य आलेखात एक ठरलेली गफलत होते. डी-डी संक्रमणं, म्हणजे धातूच्याच डी-कक्षांमधल्या इलेक्ट्रॉनच्या उड्या, दुबळी असतात. कॉपर सॅलेनचा ५६०-६०० च्या भागातला पसरट पट्टा पाहायला मिलिमोलर द्रावण लागतं. डीएनएसाठी आपण २० मायक्रोमोलर वापरणार, तिथे तो पट्टा शून्यात जमा. म्हणून दोन वेगळे आलेख, दोन वेगळी द्रावणं. आकार ठरवायला तीव्र, डीएनए टायट्रेशनला विरळ.

डीएनएच्या आधी एक रात्र

कॉम्प्लेक्स ज्या बफरमध्ये वापरायचा त्यातच टिकतो का, हे तपासल्याशिवाय डीएनएची बाटली उघडू नका. २० मायक्रोमोलर द्रावणाचा आलेख लगेच, तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी घ्या. ॲझोमेथिन बंध पाण्यात, विशेषतः आम्लात, पुन्हा तुटून अल्डिहाइड आणि अमाइन देऊ शकतो. तसं होत असेल तर तुम्ही डीएनएसमोर कॉम्प्लेक्स नाही, सॅलिसिल्डिहाइड ठेवताय.

बफर: ५ मिलिमोलर ट्रिस-हायड्रोक्लोराइड, ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, पीएच ७.२. इथे विदर्भाच्या उन्हाळ्याचा थेट संबंध येतो. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ७.२ केलेला बफर आपल्या मे महिन्याच्या ४० अंशांच्या खोलीत ६.८ च्या खाली गेलेला असतो. ज्या तापमानाला मोजणार त्याच तापमानाला पीएच लावा. आणखी एक, ट्रिस स्वतः कॉपरला धरू शकतो, म्हणून विरळ बफर वापरायचा आणि टिकाऊपणाची ती चाचणी टाळायची नाही.

वासराच्या थायमसचा डीएनए सोडियम क्षाराच्या तंतूंच्या रूपात येतो, दिसायला अगदी पिंजलेल्या कापसासारखा. तंतू बफरमध्ये टाकून चार अंशांना रात्रभर विरघळू द्या. जोरात हलवू नका, धागे तुटतात. सकाळी २६० आणि २८० नॅनोमीटरला शोषण घ्या. गुणोत्तर १.८ ते १.९ आलं तर प्रथिनांची भेसळ नाही. तीव्रता काढायला २६० चं शोषण ६६०० ने भागा. शंभर पट विरळ केलेल्या द्रावणाचं शोषण ०.३३ आलं तर ते ५० मायक्रोमोलर, मूळ द्रावण ५ मिलिमोलर. हा आकडा न्यूक्लिओटाइडमागे आहे, बेस-जोडीमागे नाही. एकाने न्यूक्लिओटाइड धरलं आणि दुसऱ्याने बेस-जोडी धरली तर दोघांच्या स्थिरांकात दुपटीचा फरक पडतो आणि मग भांडण. द्रावण चार दिवसांच्या आत संपवा. फ्रिज बंद पडण्याची शक्यता गृहीत धरून मी शेजारच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणि थर्माकोलचा डबा आधीच सांगून ठेवते.

शोषण टायट्रेशन

कॉम्प्लेक्सचं २ मिलिमोलर द्रावण डीएमएसओत करा. ३० मायक्रोलिटर घेऊन बफरने ३ मिलि करा: २० मायक्रोमोलर, डीएमएसओ एक टक्का. त्यात ५ मिलिमोलर डीएनए ६ मायक्रोलिटर घातला की डीएनएची तीव्रता १० मायक्रोमोलरने वाढते. तेवढाच डीएनए संदर्भाच्या क्युव्हेटमध्येही (यंत्रात ठेवायच्या चौकोनी नळीतही) घाला, म्हणजे डीएनएचं स्वतःचं शोषण वजा होईल. दर वेळी पाच ते दहा मिनिटं थांबा. ३०० नॅनोमीटरच्या वरचा पट्टा धरा, तिथे डीएनए मध्ये बोलत नाही. दिवा चालू करून अर्धा तास झाल्याशिवाय पहिलं वाचन घेऊ नका, आणि शेतीपंपांच्या विजेची वेळ असेल तर स्टॅबिलायझरशिवाय सुरूच करू नका.

शोषण ०.४२० वरून ०.३३६ झालं तर २० टक्के घट, म्हणजे हायपोक्रोमिझम. सोबत पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकला तर कॉम्प्लेक्सचं सपाट वलय बेस-जोड्यांच्या रचनेत शिरत असावं, असा संशय घ्यायला जागा आहे. शोषण वाढलं तर डीएनएच्या पिळाबाहेरच्या खाचेत बसणं, विद्युत आकर्षण किंवा डीएनएची घडी सैल होणं यांपैकी काहीतरी. संशय आणि निकाल यांत फरक आहे. सगळा आलेख एकसारखा खाली येत असेल तर आधी क्युव्हेट उजेडासमोर धरा. गढूळ दिसला तर कॉम्प्लेक्स डीएनएसह खाली बसतोय आणि तुमचा ‘हायपोक्रोमिझम’ म्हणजे गाळ आहे.

स्थिरांकासाठी वूल्फ-शिमर समीकरण. क्ष-अक्षावर डीएनएची तीव्रता घ्या. य-अक्षावर तीच तीव्रता, भागिले त्या बिंदूचा आणि मोकळ्या कॉम्प्लेक्सचा शोषण-गुणांक यांतला फरक. सरळ रेषा येईल. तिचा उतार भागिले छेद म्हणजे बंधन-स्थिरांक. उतार ०.०००२५ आणि छेद ०.००००००००५ आला तर स्थिरांक ५०,००० प्रति मोलर. शिफ बेसच्या कॉम्प्लेक्सांसाठी दहा हजार ते काही लाख हा नेहमीचा पल्ला. इथिडियम ब्रोमाइड, जो खरा इंटरकॅलेटर, दहा लाखांच्या वर जातो. सुरुवातीचे दोन-तीन बिंदू वाकडे जातात, कारण समीकरण एकूण डीएनए आणि मोकळा डीएनए जवळपास सारखाच मानतं आणि सुरुवातीला ते खरं नसतं. ते बिंदू खोडून टाकू नका, आलेखावर दाखवा आणि रेषा कुठून काढली ते लिहा.

एक स्वस्त जास्तीची चाचणी: हेच टायट्रेशन १०० मिलिमोलर मिठात करा. स्थिरांक कोसळला तर पकड मुख्यतः विद्युत आकर्षणाची होती.

इथिडियम आणि बाकीच्या चाचण्या

इथिडियम डीएनएत शिरला की त्याची चमक अनेक पटींनी वाढते. कॉम्प्लेक्सने त्याला हुसकलं की चमक उतरते. ५२० च्या आसपास उद्दीपन, ६०० च्या आसपास उत्सर्जन. चमक किती उतरली ते कॉम्प्लेक्सच्या तीव्रतेविरुद्ध मांडलं की स्टर्न-व्होल्मर रेषा. फ्लुओरिमीटरसाठी अमरावती किंवा नागपूर गाठावं लागतं, तेव्हा सगळी द्रावणं मोजून, लेबल लावून, सकाळच्या पहिल्या एसटीने न्या. पण चमक उतरली म्हणजे इथिडियम निघालाच असं नाही. कॉम्प्लेक्स स्वतः ५२० किंवा ६०० ला प्रकाश शोषत असेल, किंवा कॉपरचा एकटा इलेक्ट्रॉन ती ऊर्जा जागच्या जागी गिळत असेल, तरी चमक उतरते. म्हणून त्या दोन तरंगलांबींना कॉम्प्लेक्सचं शोषण मोजून दुरुस्ती लावा. इथिडियम जनुकांत बदल घडवणारं रसायन आहे. नायट्रिल हातमोजे घाला, टाकाऊ द्रावण वेगळ्या बाटलीत ठेवा, नालीत नाही.

प्लाझमिडच्या (जिवाणूतल्या गोल डीएनएच्या) जेलमध्ये गुंडाळलेलं रूप सर्वांत पुढे पळतं, एक धागा तुटलेलं मागे राहतं, सरळ झालेलं मध्ये. ही चाचणी तोडणं दाखवते, बांधणं नाही. कॉपर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की लिगँड नसतानाही डीएनए तुटतो, म्हणून नुसत्या कॉपर ॲसिटेटची एक ओळ हवीच. सीडीमध्ये (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या आलेखात) २७५ च्या आसपासचा धन पट्टा बेसांच्या रचनेचा आणि २४५ चा ऋण पट्टा पिळाचा, मिळालं तर करा. डॉकिंग, म्हणजे संगणकावर रेणू डीएनएत बसवून पाहणं, फुकट आहे म्हणून सगळे करतात. बहुतेक जण १९८१ ची प्रसिद्ध बारा जोड्यांची १बीएनए ही रचना घेतात. तिच्यात बेस-जोड्यांमध्ये फटच नाही, तेव्हा संगणक कुठल्याही रेणूला खाचेतच बसवणार. आधीच एखादा इंटरकॅलेटर शिरलेली रचनाही घ्या आणि दोन्ही ऊर्जा शेजारी-शेजारी लिहा.

श्यानता: काचेची नळी आणि स्टॉपवॉच

ही चाचणी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण निकाल बहुतेक वेळा हिच्याच हातात असतो आणि ती तालुक्यातही होते. भाकरीची चवड डोळ्यांसमोर आणा. मधल्या दोन भाकऱ्यांत एक पातळ पोळी सरकवली की चवड उंच होते. चवडीच्या कडेला चमचा टेकवला तर उंची तीच. डीएनएत दोन बेस-जोड्यांमधलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम असतं. सपाट रेणू आत शिरला की ते जवळपास दुप्पट होतं, दांडा लांब होतो आणि द्रावण घट्ट वाहतं. इंटरकॅलेशनची ही कल्पना लर्मनने १९६१ साली मांडली. खाचेत बसणारा रेणू म्हणजे तासातून चालणारा डवरा: ओळीच्या बाजूने जातो, ओळ लांबवत नाही. सॅलोफेन का घ्यायचा ते इथे कळतं. अष्टफलकी कॉम्प्लेक्सच्या वर-खाली पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, तो आत पूर्ण शिरूच शकत नाही.

डीएनएचे लांब धागे बारीक सुईच्या सिरिंजमधून पंधरा-वीस वेळा ओढून-सोडून सारख्या लांबीचे करा. २०० मायक्रोमोलर डीएनए उबेलोडे किंवा ऑस्टवाल्ड नळीत घ्या. सोनिकेट करून फारच आखूड केला तर वाहण्याच्या वेळेतला फरक इतका कमी होतो की कितीतरी तीव्र द्रावण लागतं. पाण्याची अंघोळ ३० अंश, अधिक-उणे ०.१. आपली थर्मोस्टॅट फक्त तापवते, थंड करत नाही. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० ला असते, तेव्हा ही चाचणी डिसेंबर-जानेवारीत उरका. कॉम्प्लेक्स घालत घालत डीएनएशी प्रमाण ०.०२ पासून ०.२ पर्यंत न्या. प्रत्येक वेळी किमान पाच वाचनं, ०.२ सेकंदांच्या आत जुळेपर्यंत.

हिशेब बघा. बफरला १०२.० सेकंद लागले, डीएनएला ११८.०, कॉम्प्लेक्स घातलेल्या डीएनएला १२१.२. बफरचा वेळ वजा केला की १६.० आणि १९.२ उरतात. गुणोत्तर १.२, त्याचं घनमूळ १.०६. हे घनमूळ प्रमाणाविरुद्ध मांडा. रेषा चढत गेली तर इंटरकॅलेशन. सपाट राहिली तर खाच किंवा विद्युत आकर्षण. उतरली तर रेणू अर्धवट शिरून दांड्याला वाकवतोय. त्याच दिवशी, त्याच डीएनएवर इथिडियमची रेषाही काढा. ती चढली नाही तर चूक कॉम्प्लेक्सची नाही, नळीची किंवा डीएनएची आहे. डीएमएसओ एक टक्का असलेल्या बफरचा वेळ वेगळा घ्या, तो साध्या बफरपेक्षा थोडा जास्तच येतो.

माझ्या स्वतःच्या पहिल्या कामात यूव्हीवर १८ टक्के घट आणि तीन नॅनोमीटर सरकणं पाहून मी मसुद्यात ‘इंटरकॅलेशन’ लिहून मोकळी झाले होते. श्यानतेची रेषा टेबलासारखी सपाट आली. दोन वेळा, तीन वेळा, तीच. मसुद्यात शेवटी ‘खाचेतलं बंधन, अंदाजे स्थिरांक इतका’ असं लिहिलं. वाक्य छोटं झालं, पण त्यावर परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नाही.

काम संपलं की नळी लगेच धुवा: आधी भरपूर ऊर्ध्वपातित पाणी, मग पातळ नायट्रिक आम्ल रात्रभर, पुन्हा पाणी, शेवटी ॲसिटोन. दुसऱ्या दिवशी सकाळी नुसत्या बफरचा वेळ घ्या. १०२.० आला तर पुढचा कॉम्प्लेक्स घ्या. १०२.६ आला तर कालचा डीएनए अजून केशनलिकेत चिकटलेला आहे, नळी पुन्हा धुवायला ठेवा.